कंटाळा कुठल्या पानावर आला?

मॅडम,

शुक्रवारी दुपारी मी तुमच्या घरी बसले होते. रविवार पेठेतला तोच अरुंद जिना, खालच्या दोरखंडाच्या दुकानातून वर येणारा तोच काथ्याचा वास. पुरुष मंडळी तुम्हाला घेऊन कब्रस्तानाकडे गेली होती आणि आम्ही बायका आतल्या खोलीत चादरीवर बसलो होतो. तुमची धाकटी बहीण हलक्या आवाजात कुराण वाचत होती. कुणी मध्येच हुंदका देत होतं, कुणी पाण्याचा पेला पुढे करत होतं. अशा वेळी माणसाच्या मनात काहीतरी मोठं, गंभीर यावं. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न घुटमळत होता आणि त्याची मला लाज वाटत होती. तुम्ही माझा लेख वाचलात का?

पंधरवड्यापूर्वी हॉस्पिटलमध्ये तुमच्या उशाशी तो अंक ठेवून आले होते. आमच्या साखरवाल्यांचं मासिक, आणि त्यात माझा पहिला छापील लेख. तोडलेला ऊस कारखान्याच्या दारात गाडीवर ताटकळतो तेव्हा शेतकऱ्याचं काय जातं, त्याबद्दलचा. तुम्ही मुखपृष्ठावरचा उसाचा फड पाहिलात आणि म्हणालात, "ठेव. आता तू मला विचारायचंस." मी म्हटलं, "विचारणारच आहे." तुम्ही हसलात, मग खोकल्याची उबळ आली, मग नर्सने मला बाहेर काढलं. विचारायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

काय विचारायचं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या पोरांना जो एकच प्रश्न विचारत आलात, तोच.

आपली पहिली भेट म्हणजे भांडणच होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, केमिस्ट्री घेतलेली. शनिवार पेठेतल्या आपल्या कॉलेजात त्या महिन्यात कंपन्या मुलाखती घ्यायला येणार होत्या आणि वर्गातली झाडून सगळी पोरं हिंजवडीच्या बसमध्ये चढायच्या तयारीत होती. मीही होते. तुमच्या काउंटरवर येऊन मी म्हटलं, "मॅडम, इंटरव्ह्यूचं एखादं चांगलं पुस्तक द्या."

"कसला इंटरव्ह्यू?"

"कंपनीचा. आयटी."

"काय करते ती कंपनी?"

"सॉफ्टवेअर बनवते."

"ते कळलं. तू काय करणार तिथे? समजा, लागली नोकरी. सोमवारी सकाळी जाऊन खुर्चीत बसलीस. पुढे?"

"देतील ते काम करणार."

"मग पुस्तक कशाला हवंय? उत्तर तर पाठच आहे तुला."

मागे उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. माझं डोकं फिरलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि इथे ही गळ्यात दोरीचा चष्मा अडकवलेली बाई चारचौघांत माझी फिरकी घेत होती. मी म्हटलं, "पुस्तक आहे की नाही, तेवढं सांगा." तुम्ही उठलात, मला खुणेनेच मागे बोलावलंत आणि खिडकीखालच्या लोखंडी मांडणीपाशी नेऊन उभं केलंत. वर कॉलेजने लावलेली 'करिअर मार्गदर्शन' अशी पाटी होती. तिच्याखाली तुमच्या अक्षरात दुसरी: 'येथील पुस्तके वाचून नोकरी मिळत नाही. कोणती करू नये ते कळते.'

वरच्या कप्प्यात जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं होती. टाय लावलेली, दात दाखवणारी माणसं मुखपृष्ठावर असतात तसली. खालच्या दोन कप्प्यांत मात्र भलताच बाजार भरला होता. नर्सेसची पत्रिका, छपाईवाल्यांचं त्रैमासिक, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचं वार्तापत्र, पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरांचं मासिक, कुक्कुटपालनाचे अंक. हे सगळं तुम्ही माजी विद्यार्थ्यांना फोन करकरून जमवलं होतं. "तुमच्या ऑफिसात रद्दीत जातात, ते आमच्याकडे धाडा," असं हक्काने सांगायचात. प्राचार्यांनी एकदा विचारलं होतं म्हणे, की तांबोळी मॅडम, भर पेठेतल्या कॉलेजात कोंबड्यांचं मासिक कोण वाचतं? तुम्ही म्हणालात, "कोंबड्या वाचत नाहीत सर, मुलंच वाचतात."

नियम त्या दिवशीच कळला. वरच्या कप्प्यातलं एक पुस्तक न्यायचं असेल, तर त्या क्षेत्रातली माणसं आपसात जे मासिक वाचतात त्याचे दोन अंक सोबत न्यायलाच हवेत. "वरची पुस्तकं लिहिणारे उंटावरून शेळ्या हाकतात," तुम्ही म्हणालात. "खालची मासिकं शेळ्या राखणाऱ्यांची आहेत. ही माणसं चहा पिताना काय वाचतात, कशावरून भांडतात, कशाची रड गातात, ते बघ. तिथे तुझं मन रमलं तर पुढचा विचार कर."

आणि परत करताना तुमच्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसायचं. काय आवडलं, काय शिकलीस, असलं तुम्ही कधी विचारलं नाहीत. एकच प्रश्न: कंटाळा कुठल्या पानावर आला?

मी एकदा म्हटलं, "आवडलं काय ते का नाही विचारत?" तर म्हणालात, "आवडलं म्हणायला काय जातं? मी समोर बसलेय म्हणूनही म्हणशील. कंटाळ्याचं सोंग कुणी आणत नाही."

मी कम्प्युटरवाल्यांचं मासिक नेलं. दुसऱ्या पानावर आला. औषध कंपन्यांचं नेलं, सातव्यावर. बँकेचं अनुक्रमणिकेतच. तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात, "चला, एक दार तर बंद झालं. वाटच मोकळी होतेय तुझी." मी चिडून विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला कुठल्या पानावर येतो?"

"मला सगळ्याचाच येतो. पहिल्याच पानावर. म्हणून तर लायब्ररीत आहे. एक मिटलं की दुसरं उघडता येतं."

मी ते थट्टेवारी नेलं. पुढे तुम्हाला इतकी वर्षं पाहिल्यावर कळलं की त्यात थट्टा फारशी नव्हती. तुमच्या टेबलावर कायम पालथी घातलेली पाच-सहा पुस्तकं असायची आणि एकाचंही पहिलं पान उलटलेलं नसायचं. लोकांना वाटायचं ग्रंथपाल बाई म्हणजे पुस्तकांचा किडा. तुम्ही पुस्तकं वाचायचाच नाहीत, मॅडम. तुम्ही वाचणाऱ्यांकडे बघत बसायचात.

साखरेचा अंक माझ्या हाती आला तो निव्वळ तुमच्या खोडीमुळे. मला हवं होतं ते रसायनांच्या कारखान्यांचं मासिक कुणीतरी नेलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हे ने. यातही केमिस्ट्रीच आहे, फक्त गोड आहे." घरी जाऊन जेवताना ताटाशेजारी उघडलं. त्यात कुणीतरी लिहिलं होतं की ऊस तोडला की त्या क्षणापासून त्यातली साखर मोडायला लागते. उन्हात पडलेल्या मोळीत ती तासागणिक कमी होत जाते, आणि वजनकाट्यावर हे कुणाला दिसत नाही. माझा हात भाकरीवरच राहिला. वर्गात फळ्यावर जी समीकरणं मी मान खाली घालून उतरवून घेत होते, ती कुठल्यातरी बैलगाडीवर, कुणाच्यातरी वर्षभराच्या घामात घडत होती. आई ओरडली, "आमटी निवली बघ, पुस्तकच खा आता." मी दोन्ही अंक संपवले, मागच्या पानावरच्या जाहिरातींसकट.

स्टुलावर बसले. तुम्ही विचारलंत. मी पान शोधायला लागले आणि मला ते सापडेना.

"नाही आला," मी म्हटलं.

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "जाहिरातींवर?"

"त्याही वाचल्या."

"उसाचा रस साफ करायच्या चुन्याची जाहिरात?"

"हो."

दुसरं कुणी असतं तर 'वा' म्हणालं असतं. तुम्ही उठलात आणि मांडणीतले उरलेले सगळे अंक आणून माझ्या मांडीवर ठेवलेत. "घेऊन जा बाई," तुम्ही म्हणालात. "मला आपली चहात घातलेली साखर कळते. छापलेली नाही. एक परिच्छेद वाचला की डोळे मिटतात."

मग तुमची दुसरी पायरी आली: वाचून झालं, आता बघून ये. मांजरी गावात साखरेचं शिक्षण देणारी संस्था आहे, तिथल्या प्रयोगशाळेत तुमचे एक जुने विद्यार्थी होते, मोहिते सर. तुम्ही फोन केलात आणि मी बस पकडून गेले. आवारात शिरतानाच उकळत्या रसाचा वास आला. उसाचे नमुने पिळायच्या यंत्रावर एक काका होते, ते म्हणाले, "ताई, जरा लांब ऱ्हावा. ओढणी सांभाळा. यंत्राला डोळं न्हाईत." मग पेलाभर ताजा रस हातात देऊन म्हणाले, "आधी पिऊन घ्या, मग मोजा." दिवसभर मी मोहिते सरांच्या मागे मागे हिंडले, रसाचे नमुने गाळले, नळ्या धुतल्या. परतीच्या बसमध्ये माझ्या हातांना मळीचा वास येत होता आणि मी तो पुन्हा पुन्हा घेत होते. त्या दिवशी मी इतकी आनंदात होते की कंडक्टरशीसुद्धा गोड बोलले.

घोळ असा झाला की तोवर हिंजवडीची नोकरी लागली होती. मुलाखत मी दिलेलीच होती, निवड झाली. दापोडीला आमच्या गल्लीत आईने पेढे वाटले. पपांनी चौकशी करून ठेवली की कंपनीची बस आपल्या चौकातच थांबते, छत्रीसुद्धा लागणार नाही. आणि मी जेवायला बसल्यावर साखरेचं काढलं. पपा म्हणाले, "साखर? किराणा दुकान टाकायचंय का?"

मी दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, तुम्ही पपांशी बोला. तुम्ही सरळ कानांवर हात ठेवलेत. "मी ग्रंथपाल आहे. मध्यस्थी करायला लग्न ठरवायचंय का?" तेव्हा मी तुमच्यावर जी भडकले, ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं, कारण ते भांडण आपण पुढे जन्मभर भांडलो. मी म्हटलं, "मॅडम, तुमचा हा कंटाळ्याचा प्रश्न ज्यांच्या ताटात आयतं वाढलेलं असतं त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडे आधी पोटोबा, मग विठोबा. माझ्या पपांनी आयुष्यभर रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून टेलिफोनच्या केबली जोडल्या. त्यांना कुणी विचारलं होतं, कंटाळा कुठे येतो म्हणून?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू विचारलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग घेऊन ये त्यांना."

कॉलेजच्या लायब्ररीत बाहेरच्या माणसाला प्रवेश नव्हता. तुम्ही पपांना एका दिवसाचे पाहुणे वाचक करून घेतलंत. ते आले तेव्हा इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशाला पेन, आणि चेहऱ्यावर असा भाव की आज मी या बाईला ऐकवूनच जाणार. तुम्ही त्यांना "या गायकवाड साहेब, बसा" म्हणालात, पंख्याखालची खुर्ची दिलीत आणि माझ्याबद्दल चकार शब्द न काढता टेलिफोनवाल्यांच्या एका मासिकाचे जुने अंक समोर ठेवून निघून गेलात. "मी हातातलं काम आटोपून येते, तोवर चाळा."

पपा आधी नुसतेच बसले. मग एक अंक उघडला. मग चष्मा काढून पुसला, परत लावला. मी खांबाआडून बघत होते. आमच्या घरात पपा वर्तमानपत्रसुद्धा उभ्याउभ्या वाचायचे. तिथे मात्र ते खुर्ची पुढे ओढून, बोट ओळीवर ठेवून वाचत राहिले. मधली सुट्टी झाली, पोरांचा गोंगाट झाला, संपला. ते मान वर करेनात. मला एकदम काहीतरी झालं. हा माणूस मी आजवर पाहिलेलाच नव्हता.

तुम्ही आलात आणि त्यांनी तुम्हाला धरलंच. "मॅडम, हे बघा, हा फोटो. ही जोडणी. यात रंगांचं सगळं गणित असतं. पहिली जोडी पांढरा-निळा. दुसरी पांढरा-नारंगी. तिसरी पांढरा-हिरवा..." त्यांचा आवाज चढत गेला. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरू नये म्हणून काय करायचं, अंधारात नुसत्या बोटांनी तारा कशा ओळखायच्या, सगळं आलं. आणि तुम्ही? मॅडम, तुम्ही चक्क जांभई दिलीत! तोंडावर पदर धरून, पण दिलीत. मला वाटलं, संपलं सगळं.

पपा थांबले. तुम्ही म्हणालात, "माफ करा हो गायकवाड साहेब. मला पांढऱ्या-नारंगीलाच कंटाळा आला. तुम्हाला इतक्या वर्षांत आला होता का कधी?"

पपांनी अंक मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "केबलचा नाही आला. शेवटी ऑफिसात टेबलावर बसवलं, प्रमोशन म्हणून. तिथे यायचा. पण ते कुणाला सांगणार? लोक पेढे मागत होते."

तुम्ही एवढंच म्हणालात, "तुमच्या मुलीला साखरेचा येत नाही. मला दोन्हीचा येतो." आणि काउंटरवर पोरं खोळंबली होती म्हणून उठून गेलात.

आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. दोन बस सोडल्या. पपा मला म्हणाले, "आपल्यात कामाची आवड असा शब्द कधी कुणी काढला नाही, सुजाता. मला वाटायचं तो साहेब लोकांचा असतो. माझ्याकडेही होता की." मग डोळे बारीक करून लांबून येणारी बस बघत म्हणाले, "जा तुझ्या साखरेला. पण नोकरी नाही लागली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस, त्या मॅडमकडे जा. त्या जांभई देतील."

मॅडम, तुम्ही माझं करिअर घडवलंत असं मी भाषणात कुठे म्हटलं की तुम्हाला राग यायचा. "मी काही केलं नाही, अंक दिले," म्हणायचात. ठीक आहे, माझ्या बाबतीत अंक दिलेत. पण त्या दुपारी तुम्ही मला माझे पपा दिलेत. त्याचं काय करायचं? ते मी तुम्हाला कधी बोलले नाही, कारण तुम्ही लगेच काहीतरी तिरकं बोलून ते उडवून लावलं असतं. आता तुम्हाला उडवता येणार नाही, म्हणून लिहिते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मांजरीला शिकले, दौंडकडच्या एका कारखान्यात केमिस्ट झाले. दुसऱ्याच गळीत हंगामात मी तुम्हाला फोन केला आणि रडले. "मॅडम, कंटाळा आला. चुकलंच माझं." तुमचा आवाज: "पान सांग."

"पान कसलं सांगू? रोजचं काम आहे हे."

"त्याचंच पान. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय करतेस ते म्हण बघू." मी म्हणत गेले. नमुने, चाचण्या, गाळप, अहवाल. अहवाल म्हणताना माझाच आवाज पडला. तुम्ही म्हणालात, "कंटाळा साखरेचा नाही, साहेबांसाठी लिहिण्याचा आहे. मग दुसऱ्या कुणासाठी तरी लिही." तेव्हापासून मी शेतकऱ्यांसाठी साध्या मराठीत लिहायला लागले, आधी कारखान्याच्या फलकावर, मग पत्रकांत. आज मांजरीला परत आले आहे ती त्याच कामासाठी. तरीही तुमचं म्हणणं, मी फक्त अंक दिले!

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचे, कंटाळा हे काही सोन्याचं माप नव्हे. माझी मैत्रीण श्रुती वकिलांच्या मासिकात प्रत्येक पानावर कंटाळली होती, तुम्ही तिला दुसरं काही बघ म्हणालात, आणि आज ती उत्तम वकील आहे. ती स्वतःच सांगते की दुसऱ्याला नको असलेला कंटाळा आपण पचवतो, त्याचीच लोक फी देतात. यावर तुम्ही म्हणालात, "मग तिला कंटाळ्याचीच आवड आहे." हे काय उत्तर झालं? हरलात असं कबूल करायचं सोडून शब्दांचे बुडबुडे काढलेत. मी अजूनही म्हणते की तुम्ही हरलात.

आणि दुसरं भांडण मोबाईलचं. तुम्ही निवृत्त झाल्यावर ती मांडणी जिन्याखाली गेली आणि तिच्या जागी कम्प्युटर आले. मी तुमची समजूत घालायला म्हटलं, हल्ली पोरांना फोनवर सगळं दिसतं, कुठल्या नोकरीत दिवस कसा जातो त्याचे व्हिडिओ असतात. तुम्ही ते बघितलेत, माझ्याच फोनवर, मान तिरकी करून. म्हणालात, "यात माणूस दिवसभर कॉफीच पितोय. काम कधी करतो?" मला हसू आवरेना. तुमचं बरोबर होतं, आणि मी तसं कबूल केलं नाही. तुम्ही श्रुतीचं कबूल करेपर्यंत मीही करणार नव्हते.

शुक्रवारी पपाही आले होते. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, पण कब्रस्तानात सगळ्यांबरोबर चालत गेले. सगळ्यांसारखा डोक्याला रुमाल बांधून. तुम्हाला मूठभर माती देऊन आले आणि खाली दोरखंडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. मी जायला निघाले तेव्हा तांबोळी काका वर येऊन हातपाय धूत होते. तुमच्याशी इतकी वर्षं संसार केलेल्या त्या शांत माणसाने मला पाहिलं आणि म्हणाले, "सुजाता, थांब. तुझं मासिक न्यायचंय ना? हॉस्पिटलच्या सामानात आहे."

मला राहवलं नाही. भरल्या घरात, ओल्या डोळ्यांच्या बायकांसमोर मी विचारलं, "काका, वाचलं होतं का त्यांनी?"

"तिला अक्षरं धड दिसत नव्हती. मी वाचून दाखवलं. थोडं थोडं करून, दोन दिवस."

"मग?"

काका घुटमळले. पंच्याने हात पुसत राहिले. "राग मानू नकोस हं. औषधांच्या गुंगीत असायची ती. पण मला बजावून म्हणाली, सुजाताला निरोप द्या, विसरू नका. म्हणाली, चौथ्या पानावर."

मॅडम, मी तुमच्या मयताच्या घरात मोठ्याने हसले. तुमच्या बहिणीने कुराणातून मान वर केली. मग ते हसू कुठे गेलं ते कळलं नाही, मी भिंतीला टेकून रडत होते आणि कुणीतरी माझी पाठ चोळत होतं.

घरी येऊन लेखाचं चौथं पान काढलं. तिथे तक्ता आहे, मॅडम. तापमान, तास, साखरेचा उतारा. तक्ता द्यावाच लागतो, त्याशिवाय हे लोक छापत नाहीत. आणि तक्त्याखाली मी चार जडजंबाल वाक्यं घातली आहेत, आपणही शिकलेल्या आहोत हे दिसावं म्हणून. ती तुम्हाला नको होती, हे कळतंय. पण तक्त्यावरून मी तुमच्याशी भांडणार होते. अजूनही भांडीन.

नंतर रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदम ध्यानात आलं आणि मी उठून बसले. तुम्हाला सगळ्याचाच कंटाळा पहिल्या पानावर यायचा. पपांच्या केबलीचा दुसऱ्याच जोडीला आला. साखरेचा तर एका परिच्छेदात, हे तुमचंच म्हणणं. हॉस्पिटलच्या त्या खाटेवर, गुंगीत, दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना, तुम्ही चौथ्या पानापर्यंत आलात. म्हणजे त्याआधी तीन पानं तुम्हाला कंटाळा आला नाही.

तीन पानं, मॅडम. छापलेल्या साखरेची.